सूर्यकांतरावांच्या हलव्याला काटा

साखर ही वस्तू मुळातच बेइमान आहे, या निष्कर्षाला सूर्यकांतराव देशकर वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी आले. लोखंड बरं. लोखंड तापवलं, ठोकलं, थंड केलं की दिल्या शब्दाला जागतं. साखर सकाळी एक बोलते, दुपारी दुसरंच करते आणि आभाळ आलं की सरळ पाघळते. भिलाईच्या स्टील प्लांटात मशीन शॉपच्या इन्स्पेक्शनला छत्तीस वर्षं काढलेल्या माणसावर अशा चारित्र्याच्या पदार्थाशी झुंजायची वेळ का आली, ते सांगायलाच हवं.

डिसेंबरात बंगळुरूहून सूनबाईंचा फोन आला. नात ईरा आठ महिन्यांची झाली होती आणि तिचं बोरन्हाण करायचं होतं. संक्रांतीला केदारला सुट्टी नव्हती. पण हा कार्यक्रम रथसप्तमीपर्यंत चालतो, म्हणून रथसप्तमीला भिलाईतल्या नेहरू नगरच्या घरीच करायचं ठरलं.

“दागिन्यांचं काही टेन्शन घेऊ नका हं आई,” मधुवंती म्हणाली. ती पुण्याची, त्यामुळे तिचं मराठी ऐकताना देशकरांच्या घरात सगळे जरा ताठ बसत. “हलव्याचा पूर्ण सेट ऑनलाइन मिळतो. काळा फ्रॉकसुद्धा.”

“बरं,” लतिकाबाई म्हणाल्या. फोन ठेवल्यावर त्या आपल्या हातांकडे पाहत बसल्या. संधिवातानं बोटं वाकली होती, सुईत दोरा ओवणं तर सोडाच, पोळीचा तुकडा मोडायलाही वेळ लागे.

“काही मागवायचं नाही,” सूर्यकांतराव एकदम म्हणाले. “दागिने मी करतो. फ्रॉकबी मीच शिवतो.”

लतिकाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. या माणसानं आयुष्यात शर्टाचं बटण लावलं नव्हतं.

“तुमाले बरं नाही वाटून राहिलं का?” त्यांनी विचारलं.

यामागे एक जुनं प्रकरण होतं. चौतीस वर्षांपूर्वी केदारचं बोरन्हाण झालं, तेव्हा लतिकाबाईंचा हलवा प्लांटाच्या वसाहतीत, सगळ्या सेक्टरात नावाजलेला होता. लेकासाठी त्यांनी बारा दिवस खपून मुकुट, हार, बाजूबंद, बासरी असं सगळं केलं. सूर्यकांतराव सकाळची शिफ्ट करून घरी आले, मुकुट उचलला, एक डोळा मिटला आणि वीस-पंचवीस बायकांसमोर म्हणाले, “डावीकडून दोन एमएम उतरला आहे. रिजेक्ट!” बायका पोट धरून हसल्या. लतिकाबाईही हसल्या. हा किस्सा पुढे कित्येक वर्षं सूर्यकांतराव पाहुण्यांना सांगत आले. लतिकाबाईंनी मात्र त्यानंतर हलवा केला नाही. कोणी विचारलं तर “वेळच नाही मिळत” म्हणत. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे इन्स्पेक्शनमधल्या माणसाच्या ध्यानात यायला चौतीस वर्षं लागली. त्या दुपारी लतिकाबाई हातांकडे पाहत बसल्या तेव्हा ते आलं, आणि आलं ते चांगलंच बोचलं. आता चूक कबूल करणं हा एक उपाय असतो, असं लोक म्हणतात. सूर्यकांतरावांना तो जमण्यातला नव्हता. त्यापेक्षा अख्खा मुकुट करून लतिकाबाईंच्या हातात ठेवावा, बाकीचं ती समजून घेईल, हे त्यांना सोपं वाटलं.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी ड्रॉइंग काढलं. मुकुटाचं समोरून दृश्य, वरून दृश्य, कंबरपट्ट्याचा छेद. मधुवंतीकडून ईराची मापं मागवली. तिनं डोक्याचा घेर कळवला आणि खाली लिहिलं, “बाळ हलतंय, थोडं इकडे तिकडे होईल.” सूर्यकांतरावांना “इकडे तिकडे” हे माप मान्य नव्हतं. तीनदा मोजून सरासरी कळवावी, असा निरोप गेला. मधुवंतीनं बिचारीनं ऑफिसची मीटिंग सोडून तीनदा मोजलं. सूर्यकांतरावांनी ड्रॉइंगवर तारीख घातली, पंधरा डिसेंबर, आणि खाली सही केली. काम अर्धं झाल्यासारखं त्यांना वाटलं. ड्रॉइंग झालं की काम अर्धं झालं असं वाटणं हा त्यांच्या खात्याचा जुनाच रोग होता.

उरलेलं अर्धं म्हणजे साखर.

हायवेजवळच्या मिठाईच्या दुकानात विक्की नावाचा तरुण मालक होता. सूर्यकांतरावांनी त्याला हलवा समजावून सांगितला. तिळाचा दाणा घ्यायचा, त्यावर पाकाचे थर चढवत न्यायचे आणि शेवटी दाण्याला चहूबाजूंनी काटे आणायचे.

“इलायचीदाना है ये तो अंकल,” विक्की म्हणाला.

“इलायचीदाना गुळगुळीत रहता है. इसको काटा होता है.”

“काँटा क्यों चाहिए? खाने में चुभेगा नहीं?”

या प्रश्नावर मराठी संस्कृतीकडे तयार उत्तर नाही. सूर्यकांतराव म्हणाले, “परंपरा है.” विक्कीनं मान डोलावली आणि सल्ला दिला, की पाक एक तारी ठेवा, आच धीमी ठेवा, और सच बोलूँ तो अंकल, मत बनाओ, ये मशीन का काम है.

पहिला घाणा गॅसवर झाला. त्याचं वर्णन थोडक्यात करायचं तर कढईच्या एका बाजूला चिक्की झाली आणि दुसऱ्या बाजूला डांबर. दुसरा घाणा पूर्ण डांबर. लतिकाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून पाहत होत्या. तिसऱ्या घाण्याला त्यांनी बोलायला तोंड उघडलं.

“तू काही सांगू नको,” सूर्यकांतराव घाईनं म्हणाले. “मले माझ्या पद्धतीनं करू दे.”

“मी कुठं काही म्हणून राहिली?” असं म्हणून लतिकाबाई टीव्हीसमोर जाऊन बसल्या.

इथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. पुढच्या दोन महिन्यांत सूर्यकांतरावांनी विक्कीला विचारलं, मोबाइलवरच्या सतरा व्हिडिओंना विचारलं, बोरसीच्या एका निवृत्त केमिस्ट्रीच्या मास्तरांना विचारलं. साऱ्या दुर्ग-भिलाईत ज्या एका बाईला हे काम येत होतं, ती त्यांच्याच घरात, त्यांच्याच सोफ्यावर बसलेली असे. तिला मात्र त्यांनी विचारलं नाही. तिला चकित करायचं होतं ना!

खरा रस्ता दाखवला तो टिकाराम रामटेक्यांनी. टिकाराम खालच्या मजल्यावर राहत. भंडाऱ्याकडचे, बाबासाहेबांना मानणारे, प्लांटात कोक ओव्हनच्या भट्ट्यांवर तीस वर्षं घालवलेले. बोरन्हाणाशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता, पण विस्तवाशी फार जुना होता. जळक्याचा वास आल्यावर ते वर आले आणि कढईत डोकावून त्यांनी दोन मिनिटं मौन पाळलं.

“भाऊ,” मग ते म्हणाले, “गॅसची आच म्हणजे थापड मारल्यासारखी असते. याले गोंजारणारी आच पायजे. कोळशाची सिगडी, वरून राख. माझी माय अशीच दूध आटवे.”

“सिगडी आता कुठं भेटते?”

“माझ्यापाशी आहे न. आमची कांता भंगारात दे म्हणून राहिली होती. मी म्हटलं, राहू दे, कोणी ना कोणी येडा भेटतेच.”

सिगडी गच्चीवर चढली. पहिल्याच दिवशी धूर असा निघाला, की दुसऱ्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या चादरी, तिसऱ्या मजल्यावरचा दमेकरी आणि सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप, तिन्ही एकाच वेळी पेटले. संध्याकाळी सचिव पुंडलिकराव कागद घेऊन दारात हजर.

“देशकर साहेब, छत कॉमन एरिया आहे. तिथं विस्तवाचं काम करायचं तं अर्ज लागते. तीन प्रतीत.”

“मी नातीचा मुकुट करून राहिलो, पुंडलिकराव.”

“विस्तवावर?”

सूर्यकांतरावांनी कागद घेतला. खरं बोलून माणूस इतका वेडा दिसू शकतो, याची त्यांना कल्पना नव्हती.

अर्जात ‘प्रयोजन’ असा रकाना होता. सूर्यकांतरावांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं, ‘घरगुती अलंकारनिर्मिती’. दोन दिवसांनी अर्ज परत. दुसऱ्या मजल्याचं म्हणणं पडलं, की देशकरांनी निवृत्तीनंतर सोनारकाम सुरू केलं असून निवासी इमारतीत धंदा चालणार नाही. त्यांनी दुरुस्त करून लिहिलं, ‘खाद्यपदार्थ’. तोही परत, गच्चीवर खानपानाला बंदी होती, कारण मागे एकदा कोणाच्या तरी वाढदिवसाला पाण्याच्या टाकीत समोसा सापडला होता. सूर्यकांतरावांनी स्वतः आयुष्यभर लोकांचे कागद शेरा मारून परत पाठवले होते. कागद परत घेणाऱ्या माणसाला कसं वाटतं, हे त्यांना पहिल्यांदा कळत होतं आणि अजिबात आवडत नव्हतं.

शेवटी पुंडलिकरावांनाच दया आली. “धार्मिक लिवा न बाप्पा,” ते हळूच म्हणाले. “धार्मिकाले कोणी ना म्हणत नाही.”

खरोखरच कोणी ना म्हटलं नाही. अटी मात्र लागल्या. वेळ पहाटे पाच ते सात, शेजारी वाळूची बादली आणि विस्तवापाशी एक जबाबदार इसम. जबाबदार इसम म्हणून टिकाराम हजर झाले, ते प्लांटातलं पिवळं हेल्मेट घालून. थंडीत कान झाकायला बरं पडते, असं त्यांचं स्पष्टीकरण होतं.

मग रोज पहाटे दोघं म्हातारे गच्चीवर. राखेखाली निखारे, वर परात, परातीत तीळ. चमच्यानं पाक सोडायचा आणि हातानं दाणे फिरवत राहायचं. चमच्यानं फिरवून चालत नाही, काटा मोडतो. बोटांनीच फिरवावे लागतात, न थांबता, गरम परातीत, तास-दीड तास. पहिल्या आठवड्यात सूर्यकांतरावांच्या बोटांची टोकं लाल झाली, दुसऱ्या आठवड्यात सालं निघाली. तेव्हा त्यांना आठवलं, की केदारच्या वेळी लतिकाबाईंच्या बोटांची टोकं अशीच लालभडक होती, आणि आपण जेवताना विचारलं होतं, “मेंदी लावली का गं?” ती काय म्हणाली होती, ते काही आठवेना. बहुतेक काही म्हणालीच नसावी.

“काय झालं भाऊ?” टिकारामांनी विचारलं. “हात कावून थांबला?”

“काही नाही. धूर गेला डोळ्यात.”

“धूर कुठं आहे आता?” टिकाराम म्हणाले, पण ते समजूतदार होते, त्यांनी पुढे विचारलं नाही.

काटा यायला थंडी लागते. कोरडी, कडक थंडी. इकडे जानेवारी संपत आला आणि वसंताची चाहूल लागली. सगळ्या जगाला ती हवीहवीशी वाटते. कोपऱ्यावरच्या आंब्याला मोहोर आला, लोक थांबून वास घेत होते. सूर्यकांतराव मात्र त्या झाडाकडे दुश्मनासारखे पाहत. एके दिवशी कोकिळ ओरडला तर ते गच्चीवरून “चूप!” म्हणाले. दाणे गोल होत होते, पांढरे होत होते, पण गुळगुळीत. विक्कीचा इलायचीदानाच.

आणि मग एका धुक्याच्या पहाटे, थंडी जाता जाता एकदा वळून आली, तेव्हा तो आला. आधी एका दाण्यावर, मग पाचावर, मग परातभर. बारीक बारीक टोकं, बोटांना लागतील न लागतील अशी.

“आला!” टिकाराम ओरडले. “भाऊ, आला रे आला!” हेल्मेट घातलेला एक माणूस आणि मफलर गुंडाळलेला दुसरा, दोघांनी गच्चीवर हातात हात घालून फेर धरला. समोरच्या कोचिंग क्लासला निघालेली पोरं सायकली थांबवून पाहत राहिली.

सूर्यकांतराव वाटीत दाणे घेऊन धावत खाली आले. लतिकाबाईंनी एक दाणा तळहातावर घेतला, खिडकीशी नेला, बराच वेळ पाहिला.

“आला न काटा,” त्या म्हणाल्या.

सूर्यकांतराव वाट पाहत उभे राहिले. “आणखी?”

“आणखी काय?” लतिकाबाईंनी दाणा परत वाटीत ठेवला आणि त्या दूध तापवायला गेल्या. इतके आठवडे रोज पहाटे खपल्यावर हे एवढं ऐकणं जरा कोरडंच होतं. पण रागवायला सूर्यकांतरावांना तोंड नव्हतं. त्यांच्या स्वतःकडून तिला एवढंही मिळालं नव्हतं.

यानंतर सगळं सुरळीत व्हायला हरकत नव्हती. पण मध्येच दोन दिवस मावठ्याचं आभाळ आलं आणि अर्धा हलवा ओशाळल्यासारखा मऊ पडला. उरलेल्यातून आधी कंबरपट्टा तयार झाला, तो त्यांनी कपाटात जपून ठेवला आणि सकाळी पाहिलं तर कपाटातून मुंग्यांची काळी रेघ निघून, भिंतीवरून, सरळ टिकारामांच्या बाल्कनीपर्यंत. कंबरपट्ट्याचा नुसता दोरा शिल्लक होता. पुंडलिकरावांनी यावर ग्रुपवर सूचना टाकली, की धार्मिक साहित्य झाकून ठेवावे.

हलव्याच्या दाण्याला भोक पाडता येत नाही, तो फुटतो. दुहेरी दोऱ्याच्या पिळात एकेक दाणा अडकवत न्यावा लागतो. सूर्यकांतरावांनी भिंग लावून तीन दिवसांत अकरा इंच माळ केली. चौथ्या दिवशी शिवणाच्या मशीनवर बसले. काळ्या कापडाची एक बाही त्यांनी उलटी लावली, उसवली, पुन्हा लावली, ती पुन्हा उलटीच लागली. आणि तिसऱ्या खेपेला सुई अंगठ्याच्या नखातून आरपार गेली. दवाखान्यात सिस्टरनं रजिस्टर उघडलं.

“कैसे लगा, दादाजी?”

“मशीन पे.”

“कौन सी मशीन? प्लांट की?”

रांगेत मागे प्लांटातले दोन जुने ओळखीचे उभे होते. एकाच्या हाताला भाजलं होतं, दुसऱ्याला पाठीचं दुखणं. छत्तीस वर्षांत ज्या माणसाला साधं खरचटलं नव्हतं, त्यानं खाली पाहून सांगितलं, “फ्रॉक सिलते हुए.” सिस्टरनं ते मोठ्यानं वाचत वाचत लिहिलं.

रथसप्तमीच्या आदल्या दिवशी मुकुट पूर्ण झाला. सोनेरी कागदावर बसवलेला, कडेनं हलव्याच्या तीन ओळी, मध्ये एक फूल. सूर्यकांतरावांनी तो चारही बाजूंनी मोजला. ड्रॉइंगप्रमाणे अगदी तंतोतंत. हार जरा आखूड झाला होता, बांगडी एकच झाली होती. पण मुकुट मुकुटासारखा होता. तो लगेच लतिकाबाईंच्या हातात द्यावा असं मनात आलं. मग वाटलं, उद्या सगळ्यांसमोर देऊ. सगळ्यांसमोर जे केलं ते सगळ्यांसमोरच निस्तरावं. विचार चांगला होता. त्यांचे विचार बहुधा चांगलेच असत.

दुसऱ्या दिवशी ऊन असं पडलं, की लोकांनी स्वेटर काढून ठेवले. केदार, मधुवंती आणि ईरा आले होते. पंचवीसेक बायका-मुलं जमली. टिकाराम आणि कांताबाई बोरांची टोपली घेऊन आले. सूर्यकांतरावांनी पुढे होऊन फ्रॉक दिला. तो ईराच्या डोक्यातून गेला, एका हातातून गेला आणि छातीपाशी थांबला. मधुवंतीनं श्वास धरला. ईरानं धरला नाही, तिनं भोकाड पसरलं.

“वाढली हो ती,” मधुवंती अपराध्यासारखी म्हणाली. “दोन महिन्यांत फार भरभर वाढली.”

हे सूर्यकांतरावांच्या ड्रॉइंगमध्ये कुठेच नव्हतं. लोखंड डिसेंबरात मोजलं की फेब्रुवारीतही तेवढंच भरतं. पोर वाढतं, याला त्यांनी एका मिलिमीटरचीही जागा ठेवली नव्हती. लेकही असाच त्यांच्या शिफ्टांच्या मधल्या वेळात वाढून मोठा झाला होता, म्हणून कदाचित हा मुद्दा ठाऊक नसावा.

“मुकुट पाहू,” कोणीतरी म्हणालं. मुकुट टाळूपर्यंत गेला आणि तिथंच वाटीसारखा बसला. मधुवंतीनं तो जरा दाबला, तशी मागची ओळ सुटली आणि दाणे टपटप सतरंजीवर पडले. पोरांनी झडप घातली.

केदारनं मुकुट उचलला, उजेडाकडे धरला. “बाबा, टेढ़ा हो गया ना थोड़ा?” तो हसत म्हणाला. “चलता है. मधुनं बॅकअप मागवून ठेवला होता, मला माहीत होतं असंच काहीतरी होणार.”

बायका खळखळून हसल्या. केदारच्या मनात काही नव्हतं. सूर्यकांतरावांच्याही मनात काही नव्हतं, तेव्हा.

“अरे, दोन महिने बोटं जाळली तुह्या बापानं,” टिकाराम चिडून म्हणाले. “तू एक दाणा करून दाखव.”

“जाऊ द्या हो टिकारामजी,” सूर्यकांतराव म्हणाले आणि हसले. सगळ्यांबरोबर हसले. आणि हसता हसता त्यांना कळलं, की हे हसू फार महागाचं असतं. ते सगळी ताकद लावून चेहऱ्यावर धरून ठेवावं लागतं, नाहीतर खाली पडतं. लतिकाबाईंनी ते पूर्ण कार्यक्रमभर धरलं असणार. वर सगळ्यांना चहा दिला असणार.

पिशवीतला सेट निघाला. तो ईराला अगदी नीट बसला. बोरं, उसाचे तुकडे, चुरमुरे डोक्यावरून ओतले गेले, पोरं लुटायला धावली, फोटो झाले. सूर्यकांतराव मुकुट उचलून हळूच स्वयंपाकघरात गेले.

लतिकाबाई स्टुलावर बसल्या होत्या. पोरांच्या तावडीतून सुटलेले सतरंजीवरचे दाणे त्यांनी गोळा करून आणले होते. चिमटीत धरता येत नव्हते म्हणून तळहाताच्या कडेनं एकेक ओढून वाटीत पाडत होत्या.

“छान झाला आहे तुमचा हलवा,” त्या म्हणाल्या. “बाजारच्याले असा काटा नाही.”

सूर्यकांतरावांनी न विचारता म्हणाल्या. त्यांनी मुकुट हातात घेतला नाही, उजेडाकडे धरला नाही, काही नाही. सरळ म्हणाल्या. सूर्यकांतरावांना आनंद व्हायला हवा होता, पण लाजच वाटली. चार-पाच शब्द होते. बाईला म्हणायला अर्धं मिनिटही लागलं नव्हतं.

“केदारच्या वेळचा मुकुट,” ते म्हणाले, “चांगला होता.”

“हाव. माहीत आहे मले. मीच केला होता.”

“नाही, म्हणजे... वाकडा नव्हता तो. कुठूनच नव्हता. मले तेव्हाही दिसून राहिलं होतं.”

लतिकाबाईंचा हात थांबला.

“तेव्हाही?”

“हाव.”

“मग म्हटलं कावून तसं?”

“बायका होत्या एवढ्या. हसतील म्हणून.”

हे सांगितलं की तिला बरं वाटेल, अशी सूर्यकांतरावांची समजूत होती. पण तिच्या चेहऱ्याकडे पाहताना त्यांना कळलं, की आपण पुन्हा एकदा तेच करून बसलो. चौतीस वर्षं लतिकाबाईंनी मनाला सांगितलं होतं, की या माणसाची नजरच तशी आहे. खोट दिसली की बोलून जातो, त्याला तो तरी काय करणार, असेल थोडा उतरलेला. तेवढ्यावर त्यांनी त्याला कधीच माफ करून टाकलं होतं. आज तोही आधार त्यानं काढून घेतला.

वाटीतला हलवा त्यांनी तळव्यानं सारखा केला. बराच वेळ करत राहिल्या.

“तेव्हाच म्हणायचं होतं न मग,” त्या म्हणाल्या. “बोटं होती तेव्हा.”

बाहेरून केदारनं फोटोसाठी दोघांना हाक मारली. लतिकाबाई उठल्या, पदर सारखा केला आणि गेल्या. सूर्यकांतरावही त्यांच्या मागे गेले आणि केदारनं दाखवलं तिथे उभे राहिले.